चार वाजताची चूक

पहिल्यांदा त्याचा आवाज कानावर पडला, तेव्हा ती त्याच्यावर खेकसलीच होती. आघाडीवरून तिनं फोनवर बातमी सांगायची आणि कचेरीतल्या म्हाताऱ्या टायपिस्टकाकांनी ती उतरवून घ्यायची, हा रोजचा शिरस्ता. त्या दिवशी काका रजेवर, आणि फोनवर हा नवा, निवांत आवाज.

"जरा सावकाश... तुम्हाला कुठं गाडी गाठायचीय का?"

"इथं तोफा चालू आहेत."

"मग तर सावकाशच सांगा. परत परत विचारायला लावू नका."

तिला हसू आलं. आठ दिवसांत पहिल्यांदाच.

तिचं वय अवघं सव्वीस, आघाडीवरची पहिलीच नेमणूक. मुक्काम एका बंद शाळेच्या तळघरात, आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या चाळीस माणसांबरोबर. दिवसभर ती हिंडायची – कधी पाण्याच्या रांगेत, कधी इस्पितळाच्या व्हरांड्यात, तर कधी काचा फुटलेल्या दुकानात चपलांच्या जोड्या नीट लावत बसलेल्या दुकानदाराजवळ. चार वाजले की शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. उपग्रह फोन फक्त तिथंच लागायचा. वर्तमानपत्राचा जुना दंडक होता: फोनवर घेतलेली बातमी पूर्ण वाचून दाखवायची, आणि बातमीदारानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय ती छापायला जायची नाही.

काका रजेवरून परतले, पण चार वाजताचा फोन याच्याकडेच राहिला. आणि वाचून दाखवताना हा रोज चुकायचा. एकच चूक, तीही ठळक.

"...पुलावर तीन हत्ती उभे होते."

"हत्ती? रणगाडे म्हणाले मी."

"असं होय. म्हटलं, रोज रोज रणगाडे बघून तुम्ही कंटाळला असाल."

मग दुरुस्ती, मग थट्टा, मग "जेवलात का?" तीन मिनिटांच्या बातमीला बारा मिनिटं लागायला लागली. तिनं त्याचं नावच ठेवलं – चुकोबा.

"तुमच्या आईंना रोज फोन करतो मी, लेक सुखरूप आहे म्हणून सांगायला," एकदा तो म्हणाला. "आज त्यांनी माझं वय विचारलं."

"मग?"

"एकोणतीस सांगितलं. बरोबर?"

"मला काय विचारता..." ती म्हणाली खरी, पण कान तापले होते.

त्याला तिनं पाहिलंही नव्हतं. उंच की बुटका, काही पत्ता नाही. तरी सकाळपासून तिचं अर्धं लक्ष घड्याळात असायचं. जवळपास गोळा पडला की ती मनात म्हणायची, चार वाजेपर्यंत तरी काही व्हायला नको. हे प्रेम आहे, असं तिनं स्वतःशी कबूल केलं ते पाण्याच्या रांगेत, दोन्ही हातांत बादल्या असताना.

आणि मग एका मंगळवारी त्यानं सगळी बातमी एका दमात वाचली. एकही चूक नाही.

"बरोबर?"

"बरोबर... पण –"

त्यानं फोन ठेवलासुद्धा होता.

म्हणजे कंटाळला. किंवा शेजारी कुणी देखणी येऊन बसली असेल, जी त्याला रोज समोर दिसते. मनातल्या मनात मांडे खायला कुणी सांगितलं होतं, असं स्वतःलाच बजावत ती तरातरा जिना उतरली. तळघरात पोचते न पोचते तोच वर कानठळ्या बसवणारा आवाज झाला. पाठोपाठ जिन्यावरून पाणी वाहत आलं. गच्चीवरची टाकी उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिनं इस्पितळाच्या अंगणातून फोन लावला. बातमी झाली, वाचूनही झाली. बिनचूक.

"कालही चुकला नाहीत," ती म्हणाली.

"यापुढं पाच मिनिटांच्या वर बोलायचं नाही. लांबलेल्या फोनचा माग काढून गोळे टाकतायत. काल दुपारीच कळलं."

"मग सांगायचं ना. मी काय काय समजून बसले..."

"सांगितलं असतं तर तुम्ही वाद घातला असता. वादात दोन मिनिटं सहज गेली असती." तो अडखळला. "म्हटलं, रागावलात तर पटकन खाली तरी जाल."

"टाकी गेली," ती हळूच म्हणाली. "मी उतरले आणि..."

उरलेली वीस सेकंदं दोघांनी फोन तसाच कानाशी धरून ठेवला.

पुढचे चाळीस दिवस तो एकदाही चुकला नाही. एका चुकीसाठी माणूस इतकं झुरतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

रजा मिळाली तशी ती थेट कचेरीतच गेली. चार वाजायला आले होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी तो बसला होता – कानामागं पेन्सिल, नजर फोनवर. तिला वाटला होता त्यापेक्षा चांगलाच बुटका. ती समोरच्या खुर्चीत बसली.

"लिहून घ्या."

तो आवाजाला दचकला, मग चेहऱ्याकडं बघतच राहिला. सवयीनं बोटं मात्र टाइपरायटरवर गेली.

"वार्ताहर आठ दिवसांच्या रजेवर आली आहे. पूर्णविराम. तिचं एका माणसावर प्रेम आहे... आणि त्याला ती आज पहिल्यांदाच बघते आहे. पूर्णविराम. वाचून दाखवा."

त्यानं घसा साफ केला. "वार्ताहर कायमची परत आली आहे. तिचं एका माणसावर प्रेम आहे आणि..." पुढचं सगळं त्यानं बरोबर वाचलं.

"चूक," ती म्हणाली. डोळे भरून आले होते. "आठ दिवस."

"माहीत आहे."

"मग दुरुस्त करा."

"करतो की." त्यानं टाइपरायटरवरून हात उचलले आणि टेबलावर, अगदी तिच्या हातांशेजारी ठेवले. "आठव्या दिवशी."