दोनशे जणांचा श्वास

"आजी, या चित्राला कधीच कुणी हात लावला नाही ना? मग ते पुसलं कसं?"

अकरा वर्षांच्या शलाकाच्या हातात दोन फोटो होते. दोन्ही सोनधारच्या लेण्यातल्या एकाच चित्राचे, तळ्यातून बाहेर पडणाऱ्या हत्तींच्या कळपाचे. जुन्या फोटोत सात हत्ती होते. साठ वर्षांनंतरच्या फोटोत चारच. बाकीच्या जागी पांढुरके डाग.

आजी, म्हणजे डॉ. मृणालिनी खैरनार, गुडघे चोळत डोंगराच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. तिचं सारं आयुष्य हवेतली आर्द्रता (बाष्पाचं प्रमाण) मोजण्यात गेलं होतं. खासगी गाड्या आता गावाबाहेरच थांबत. विजेवर चालणारी बस पायथ्याशी सोडायची आणि पुढे दोनशे पायऱ्या.

"तुझ्याएवढी होते तेव्हा शाळेच्या सहलीबरोबर आले होते," आजी म्हणाली. "आम्ही दोनशे पोरं एकदमच आत घुसलो. गुरुजींनी आरशाने उन्हाची तिरीप भिंतीवर टाकली आणि हत्ती चालायलाच लागले गं! माझा पाय निघेना."

तिने चष्मा काढून काचेवर 'हा' केलं. काच धुरकटली.

"श्वासातलं बाष्प गार काचेवर आलं, त्याचं पाणी झालं. याला संघनन (बाष्पाचं पाणी होणं) म्हणतात. लेण्याची भिंतही अशीच गार असते. चढून आलेला माणूस तासाभरात श्वासातून आणि घामातून अर्धी वाटी पाणी सहज हवेत सोडतो. मग दोनशे माणसं?"

"शंभर वाट्या!"

"त्यातलं थोडं भिंतीत मुरतं. गिलाव्यातले क्षार त्यात विरघळतात. भिंत वाळली की त्यांचे स्फटिक (कणीदार खडे) होतात, फुगतात आणि रंगाला आतून ढकलतात. रोज थोडं थोडं. एके दिवशी पापुद्रा गळून पडतो."

शलाकाने फोटोतल्या पांढुरक्या डागांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "म्हणजे हात न लावताही... तुम्हीच?"

"आम्हीच. इतक्या प्रेमाने बघायला आलेलो आम्हीच."

लेण्याच्या दारापाशी एक यंत्र होतं. आतली आर्द्रता आणि भिंतीचं तापमान मोजून, आणखी किती जणांना सोडायचं ते यंत्र सांगे. जागेची ही धारणक्षमता (इजा न होता किती माणसं सोसवतील ती मर्यादा) रोज बदलायची. आज हवा दमट होती. पडद्यावर आकडा होता, १.

पहारेकरी सुभान तडवी लगबगीने उठला. "बाई, तुम्ही! हे यंत्र तर तुम्हीच बनवलेलं. दोन मिनिटं बंद करतो, दोघी जाऊन या."

आजीने बंद दाराकडे पाहिलं. हे गुडघे पुन्हा इतक्या पायऱ्या चढणार नाहीत, हे तिला ठाऊक होतं. शलाकालाही.

"आजी, तू जा. मी पुन्हा येईन कधीतरी."

"मी पाहिलंय, बाळ. आणि सुभानभाऊ, यंत्र बनवणारीचा श्वासही ओलाच असतो हो." तिने शलाकाच्या पाठीवर हात ठेवला. "जा. आत दहा मिनिटं थांबता येतं."

आत गारवा होता. मंद दिवा लागला. शलाकाला वाटलं, अगदी जवळ जाऊन बघावं. ती एक पाऊल पुढे गेली, थबकली आणि दोन पावलं मागे आली. तोंडावर ओढणी धरून तिने हत्ती मोजले. चार. ते खरंच चालत होते.

ती बाहेर आल्यावर सुभानने कौतुकाने सांगितलं, "यंत्र लागल्याला अकरा वर्षं झाली, बाई. एक पापुद्रा गळला नाही."

"म्हणजे माझ्या नातीलासुद्धा हे दिसेल?" शलाकाने विचारलं.

"तिच्या नातीलाही," आजी म्हणाली. "फक्त थोडं थांबावं लागेल, एवढंच. आता ये, बस इथे. डावीकडून सुरू कर. सावकाश सांग."

शलाका सांगू लागली. तळ्याचा हिरवट निळा रंग, उडालेलं पाणी, आईच्या पायांमधून डोकावणारं पिल्लू. आजी डोळे मिटून ऐकत होती. खाली पायथ्याशी बस आली, थांबली, निघून गेली. दोघींपैकी कुणीही उठलं नाही.