घागर न भरलेली सून

हे खरं घडलंय. ज्याला खोटं वाटतं त्याने सुरतला आमच्या गल्लीत यावं. भर दुपारी बाराला समोरच्या मेट्रो स्टेशनच्या जिन्याखाली एकटं उभं राहून दाखवावं. मग या भागीरथीशी बोलावं.

स्टेशन बांधून झालंय. गाडी अजून सुरू नाही. जिन्याला जाळीचं दार, दाराला कुलूप.

मागच्या उन्हाळ्यात गल्लीत पाणी नव्हतं. टँकर त्या जिन्यापाशी उभा राहायचा. माझ्या लेकाची, गजेंद्रची बायको चंचल तीन हंडे आणून बसली. म्हणाली, "आत्या, चक्कर येतेय."

मी चौथ्या हंड्याला परत पाठवली.

जिन्यापाशीच पडली. उन्हाने गेली.

सासूने सुनेला पाण्याला पाठवलं, यात कसलं पाप?

तीन महिन्यांत मी गजेंद्रला दुसरी आणली. स्वाती. या आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तिला सातवा महिना होता.

आखाजीला आम्ही खानदेशी लोक मेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतो. त्यांना वर तहान लागू नये म्हणून. मी मालकांची भरली.

गजेंद्र पांडेसऱ्याच्या कारखान्यातून सुट्टी काढून आला होता. हळूच म्हणाला, "माय, चंचलनी घागर?"

"तिच्या माहेरचे भरतील. पोर ना बाळ, माझ्या घरात तिचं काय?"

मी विस्तवावर पितरांचा घास टाकायला बसले.

तेवढ्यात समोरून...

टण्.

दगडावर हंडा टेकवल्यासारखं.

मग शांत.

परत... टण्. एक पायरी खाली.

मी घागरीत बघितलं... कोरडी. तळाला ओलसुद्धा नाही.

"स्वाती, पाणी आण गं!"

मी आत गेले.

स्वयंपाकघर रिकामं. माठ कोरडा. हंडा जागेवर नाही.

मी आणि गजेंद्र आवाजाकडे धावलो. जिन्याच्या दाराला कुलूप तसंच. आणि जाळीच्या आत, वरच्या पायरीवर... स्वाती पडलेली. उशाशी हंडा. काठोकाठ भरलेला.

कुलूप फोडून तिला दवाखान्यात नेलं.

पोर गेलं. मुलगा होता.

स्वाती शुद्धीवर आल्यावर गजेंद्रने विचारलं, "कशाला गेलीस?"

"आत्या वर उभ्या होत्या ना. म्हणाल्या, मरत नाहीस एका हंड्याने, चल ऊठ."

मी तर विस्तवापुढे होते. गजेंद्र शेजारी होता.

पण ते शब्द माझेच. चंचलला बोलले होते. तेव्हा घरात आम्ही दोघीच होतो.

गजेंद्र माझ्याकडे वळला. एवढंच म्हणाला, "भर तिची घागर."

नाही भरली. मेलेल्या सुनेपुढे मी वाकायची?

तो स्वातीला घेऊन डिंडोलीला राहायला गेला. मी एकटीच आहे.

काल दुपारी दाराला आतून कडी लावून पडले होते. स्टेशनवरून हाक आली.

"अगं ए...!"

आवाज माझा. तोच चढा, तोच तोरा.

जन्मात कोणाच्या पहिल्या हाकेला मी ओ दिली नाही.

काल दिली.