मुंगीचा तुकडा

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे खरंच घडलंय. माझ्या धाकट्या मावशीच्या बाबतीत घडलंय. मावशी गप्पिष्ट आहे, पण थापाडी नाही. आणि ज्या गोष्टीत आपलंच नाक कापलं जातं, ती गोष्ट कोण कशाला रचून सांगेल?

रात्र वगैरे नव्हती. भर दुपार होती. कॉलेजच्या वर्कशॉपमधली जेवणाची सुट्टी.

मावशी तेव्हा प्रॉडक्शन इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होती. फिटिंगचा जॉब दोघादोघांनी मिळून करायचा असे. लोखंडाचे दोन तुकडे. एकाला खाच, दुसऱ्याला त्या खाचेत बसणारं टोक. कानशीनं घासून घासून ते असे जुळवायचे, की उजेडासमोर धरले तर मधून एक किरणसुद्धा दिसता कामा नये.

मावशीची जोडीदारीण होती मुंगी. अंगानं एवढीशी, पण कामाला वाघ. कानशीला खडू चोळायची, म्हणजे दात्यांत लोखंडाचा कीस अडकत नाही. मग खर्र... खर्र... आणि मध्येच फुंकर.

"फुंकू नकोस! कीस डोळ्यांत जाईल!" वर्कशॉपचे सर रोज ओरडायचे. ती रोज फुंकायची.

आणि मावशी? कामचुकारपणात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आपला तुकडा मुंगीच्या हातात द्यायची आणि शेजारी बसून गप्पा छाटायची. आयत्या बिळावर नागोबा!

एकदा मुंगी तापानं फणफणली होती. तरी मावशीनं फोन केला. "ये ना गं. माझी खाच वाकडी झालीय."

मुंगी आली. खाच सरळ करून दिली. घरी गेली, ती परत आलीच नाही. ताप डोक्यात जाऊन ती वारली म्हणे.

सर मावशीला म्हणाले, "तिचा तुकडा अर्धवट राहिलाय. आता तूच पुरा कर. शनिवारी जॉब जमा झाला नाही, तर वर्ष गेलं समज."

वर्ष गेलं तर मावशीचं शिक्षणच संपणार होतं. थोरल्या मामानं तसं बजावूनच ठेवलं होतं.

मावशीनं कानस हातात घेतली. दोन दिवसांत हाताला फोड आले, पण तुकडा होता तिथेच.

मग एका दुपारी ती डबा आत विसरली, म्हणून परत गेली. दाराला बाहेरून कुलूप. शिपाई जेवायला गेलेला.

आतून आवाज येत होता...

खर्र... खर्र...

मग फुंकर.

मावशीनं दाराच्या काचेतून पाहिलं. आत कोणीच नव्हतं. शेवटच्या टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात मुंगीचा तुकडा आवळलेला होता. मावशीनं तर तो ड्रॉवरमध्ये ठेवला होता...

सुट्टी संपल्यावर ती जवळ गेली. तुकड्याची एक कड आरशासारखी साफ. खाली ताजा कीस. त्यात पांढरी भुकटी.

खडू...

इथे कोणीही किंचाळलं असतं. सरांना बोलावलं असतं. निदान हात जोडून "बाई गं, पुरे कर आता" तरी म्हटलं असतं.

मावशीनं यातलं काही केलं नाही. तिनं कीस झाडून टाकला. आणि घरी जाताना... तुकडा मुद्दाम व्हाइसमध्येच आवळून ठेवला.

हे सांगताना मावशी माझ्याकडे बघत नाही. "मेलेल्या पोरीलाही मी कामाला लावलं गं," एवढंच म्हणते.

पुढच्या दुपारी पुन्हा आवाज. त्याच्या पुढच्या दुपारीही. मावशी बाहेर पायरीवर बसून डबा खायची. आवाज थांबेपर्यंत ती उठलीही नाही.

शनिवारी तुकडा तयार होता. फक्त रोल नंबर ठोकायचा राहिला होता. मावशीनं आकड्यांचा पंच घेतला आणि दोन्ही तुकड्यांवर स्वतःचा नंबर ठोकला.

सरांनी जोड खिडकीसमोर धरला. बराच वेळ धरला.

"हे दोन्ही तू केलंस?"

"हो सर. मीच."

सगळ्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सोमवारी दुपारी मुंगीची आई आली. लेकीचं लॉकरमधलं सामान न्यायला. वर्कशॉपला कुलूप होतं, म्हणून ती मावशीबरोबर बाहेर थांबली.

"तिच्या हातचं काही असेल का गं आत?" आईनं विचारलं. "तापात सारखं म्हणत होती, माझा तुकडा राहिलाय, माझा तुकडा राहिलाय. मला तो नेऊ दे. अर्धा तर अर्धा."

खरं काय ते मावशीच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण डोळ्यांसमोर मामा आला. गेलेलं वर्ष आलं. ती म्हणाली,

"नाही काकू. तिचं इथे काहीच नाही."

आईनं मान हलवली. आणि मग एकदम दाराकडे वळली...

"आत कोण आहे गं? काहीतरी घासतंय."

मावशीनं कान टवकारले. काही नाही. पानसुद्धा हलत नव्हतं.

"बघ, थांबलं... आता फुंकर मारली. ऐकलंस?"

मावशीनं दाराला कान लावला. कितीतरी वेळ लावून ठेवला.

तिला काहीच ऐकू आलं नाही.

"मला नाही ऐकू येत, काकू," ती म्हणाली. हे मात्र खरं होतं.

आई शिपाई येईपर्यंत दाराशी उभी होती, डोळे मिटून. दार उघडलं तेव्हा आत कोणी नव्हतं.

मावशी डिप्लोमा पास झाली. नोकरीला लागली. आता तिचे केस पिकलेत. पण कुठलंही बंद दार दिसलं की जाता जाता थबकते आणि हळूच कान लावते.

"काय ऐकतेस गं मावशी?" मी विचारते.

"काही नाही," म्हणते, आणि मान खाली घालून चालू लागते.