मरवा आणि एक मिलिमीटर

चारच्या ठोक्याला तिने नमुने घ्यायच्या खिडकीची काच ओढली आणि पलीकडून कुणीतरी "आई गं" म्हणालं. काच आणि चौकट यांच्यामध्ये एक बोट चेंगरलं होतं. बोटाच्या मालकाच्या डोळ्यांत पाणी होतं, ओठांवर मात्र हसू.

"बोट जमा करून घेणार, की बाटली?"

"दोन्ही नाही. खिडकी बंद झाली."

"माझं बोट अजून आत आहे. म्हणजे उघडीच की."

प्रयोगशाळेत तिला सगळे 'काटेकोर' म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिने लिहिलेला आकडा पुन्हा कुणी तपासत नसे आणि याचा तिला मनातून फार अभिमान होता. तिने बाटली घेतली नाहीच, वर ऐकवलं, "पांढऱ्या काचेत तेल उजेडाने बिघडतं. उद्या तपकिरी बाटलीत आणा."

"उद्या ही खिडकी किती वाजता चावते?"

ती हसली नाही. म्हणजे, तो वळेपर्यंत हसली नाही.

दुसऱ्या दिवशी तो नऊलाच तपकिरी बाटली घेऊन हजर. भट्टीवाला होता. आत्याच्या शेतात मरवा लावलेला, त्याचं तेल काढायला भट्टी त्याने स्वतः बांधलेली. एक साबण कारखाना सगळं पीक घ्यायला तयार होता, पण अट घालून – तेलात बुडवलेली कागदाची टिकली जंतूंच्या प्लेटमध्ये ठेवली, की तिच्याभोवती जंतू मरून निदान अठरा मिलिमीटरचं स्वच्छ वर्तुळ पडलं पाहिजे. नाही पडलं, तर आत्या मरवा काढून टाकणार होती. ट्रॅक्टरवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. मग त्याला दूरच्या शहरातली जुनी नोकरी पुन्हा धरावी लागणार होती.

सुरुवात तर झकास झाली. जांभळ्या द्रावात तेलाचे थेंब पडले आणि अर्ध्या तासात त्याचा रंग उतरून पिवळसर झाला.

"याचा अर्थ, हवेने जिन्नस खवट होतात ना, ते हे तेल रोखतं," तिने समजावलं.

"माणसांवरही चालतं?"

"आधीच खवट झालेल्यांवर नाही."

जंतूंच्या प्लेटने मात्र त्याचं हसू पुसलं. चौदा मिलिमीटर. त्याचा पडलेला चेहरा तिला बघवेना. नियमात बसेल तेवढं तिने सांगितलं, "कापणी लवकर झालीय. कळ्या उमलायला लागल्या की कापा, सकाळी दव सुकल्यावर."

दुसरा नमुना घ्यायला नियमाप्रमाणे ती स्वतः भट्टीवर गेली. तेल निघेपर्यंत पावसाची सर आली, पत्रा ताडताड वाजू लागला, आणि दोघांना एकाच बाकड्यावर बसावं लागलं. नळीतून पाणी ठिबकत होतं आणि त्यावर तेलाचा पातळ थर चढत होता. सबंध दुपारभरात वाटीभरही नाही.

"कंटाळलात?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. बाटली देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली... दोघांनीही हात जरा उशिराच मागे घेतले. मरव्याचा वास चार दिवस तिच्या बाहीला होता. बाही तिने धुतलीच नव्हती, हे कुणाला सांगणार?

शुक्रवारी प्लेट उबवणपेटीतून बाहेर आल्या. अहवाल पाचपर्यंत कारखान्यात पोचायला हवा होता. तो बाहेर बाकावर बसून होता. तिने पहिल्या प्लेटला पट्टी लावली. अठरा. काळजाने उडी मारली आणि तिथेच तिच्या मनात पाल चुकचुकली. हे वर्तुळ अठराचं आहे, की मला अठराचं हवंय? पुन्हा मोजलं – सतरा. वर्तुळाचा काठ धूसर होता. पहिल्या खेपेला आपण त्याच्या बाजूने मोजलं, की दुसऱ्या खेपेला मुद्दाम त्याच्या विरुद्ध? आयुष्यात पहिल्यांदा तिचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही.

ती बाहेर आली तसा तो उभा राहिला. "किती?"

"मला सांगता येत नाही."

"म्हणजे नापास?"

"म्हणजे... मला सांगता येत नाही."

"आत्याचं अख्खं शेत एका आकड्यावर अडलंय. तुमच्यासारखं मोजणारं कुणी नाही म्हणतात, आणि आजच तुम्हाला मोजता येईना?" त्याचा आवाज चढला होता. ती तडक प्रयोगशाळेच्या प्रमुख असलेल्या मोठ्या मॅडमच्या खोलीत गेली आणि प्लेट दुसऱ्या कुणी मोजाव्यात म्हणाली.

"मोजणारा बदलायचा, तर कारण लिहावं लागतं," मॅडम म्हणाल्या. "नमुना देणाऱ्याशी संबंध असला तरच बदलता येतो. त्या कारणाची प्रत त्यालाही जाते, ठाऊक आहे ना? नातेवाईक आहे का तुझा?"

"नाही."

"मग काय लिहिणार?"

तिने लिहिलं. मॅडमनी ते चष्म्यावरून वाचलं आणि पट्टीसाठी हात पुढे केला. तिन्ही प्लेट त्यांनी उभ्या-आडव्या मोजल्या, सावकाश. घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

"साडेअठरा. अठरा. साडेअठरा." त्यांनी मान वर केली. "तू किती मोजलंस?"

"आधी अठरा. मग सतरा."

"लोक प्रेमात आकडे फुगवतात. तू खाली ओढलेस. धन्य आहे बाई तुझी."

ती कागद घेऊन बाहेर आली. ते तिने त्याच्या हातात ठेवले. वरचं पान कारणाचं होतं. 'नमुना देणाऱ्याशी संबंध : आज काही नाही. मला मात्र हवा आहे. म्हणून माझ्या मोजमापावर विसंबू नये.'

त्याने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"निकाल खालच्या पानावर आहे," ती जमिनीकडे बघत म्हणाली.

"असू दे." त्याने पान उलटलंच नाही. "ट्रॅक्टर आला असता ना, तरी मी गाव सोडणार नव्हतो. परवाच आत्याला तसं सांगितलं. ती कारण विचारत होती... माझी जीभच रेटेना."

"आता काय सांगशील?" 'सांगशील' असं आपल्या तोंडून गेलं, हे तिला जरा उशिरा कळलं.

"तू लिहिलंस तेच. फक्त 'आज काही नाही' एवढं गाळून."

तिने मान वर केली. डोळे भरून आले होते आणि ते लपवायची तिला गरज वाटली नाही.

"पाचच्या आत कारखान्यात पोचायचंय," ती म्हणाली. अंगातला पांढरा कोट तिने खुंटीला अडकवला आणि त्याच्याबरोबर निघाली. निकाल त्याने जिना उतरताना वाचला, तोही तिने दोनदा आठवण करून दिल्यावर.