वाढतं माप

माझी बायको म्हणायची, ह्यांच्या चुन्यात कधी भेसळ नसते, ती सगळी बोलण्यात जाते. खरंच आहे. मी विहिरीत सोडलेला ओळंबा पलीकडच्या गावात निघाला, ही गोष्ट माझीच. पण जुन्या जिल्हा तुरुंगातलं सांगताना मला काही वाढवावं लागत नाही. उलट थोडं कमी करूनच सांगतो.

तुरुंग बंद पडून बारा वर्षं झाली होती. तिथे आता संग्रहालय व्हायचं होतं. काम बघणाऱ्या वास्तुरचनाकार मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. चुन्याचं काम जाणणारं कुणी जिवंत आहे का, असं विचारत त्या माझ्या दारात आल्या. "अर्धामुर्धा आहे," म्हटलं.

तुरुंगाला दर वर्षी तपासणीआधी चुन्याचा एक हात मारायचे. वर्षाला एक थर, आणि दोन थरांमध्ये वर्षभराच्या काजळीचा करडा पापुद्रा. मी पात्यानं एकेक थर सोलायचा आणि प्रत्येकाचा तुकडा पायरीसारखा उघडा ठेवायचा. वरून मोजत गेलं की वर्ष कळतं.

"कुठून सुरू करायचं, काका?"

"अकरा नंबरची कोठडी. उजेड चांगला आहे."

उजेड कसला, डोंबल! ताटाएवढा झरोका. अकरा नंबरात माझे बाबा होते.

बाबाही गवंडीच. माल कमी घातला मुकादमानं, भिंत पडून माणूस मेला, आणि सात वर्षांची सजा झाली बाबांना. मी सात वर्षांचा होतो. आई भेटीला घेऊन गेली. जाळीपलीकडे डोकं भादरलेला, मिशी उतरवलेला एक माणूस उभा होता. पहारेकऱ्यानं थट्टेत विचारलं, "काय रे, कोण हे? ओळखतोस का?"

मी म्हणालो, "नाही."

तो माणूस हसला. पुढे आईनं मारलं, ओढलं, पण मी परत गेलो नाही. तिसऱ्या वर्षी बाबा तापानं आतच गेले. त्यानंतर मी जन्मभर गोष्टी सांगत फिरलो, ही एक सोडून. तो "नाही" उराशी धरूनच ते गेले का, एवढंच मला कळायला हवं होतं.

लहान मुलाच्या डोक्याच्या उंचीला मी खरवडायला घेतलं. चौथ्या दिवशी, वरून त्रेपन्नाव्या थरात, पातं अडखळलं. खिळ्यानं ओढलेली आडवी रेघ. डाव्या टोकाला खाली वळलेला आकडा.

घरी बाबा दर वर्षी मला दाराच्या चौकटीशी उभं करायचे, डोक्यावर थापी आडवी धरायचे आणि खिळ्यानं रेघ मारायचे. डावखुरे होते. रेघ उजवीकडून डावीकडे जायची आणि हात सुटताना आकडा पडायचा. थापीखाली मात्र ते गुपचूप आपलं एक बोट सरकवायचे. "पोराला वाढतं माप द्यावं. सदरा शिवतात तसं."

आई हसायची. "खोटं माप घेणारा गवंडी!"

सात वर्षांच्या माझ्या उंचीपेक्षा ही रेघही बोटभर वर होती; ते बोट मी माझ्या बोटानं मोजलं. त्या वर्षाचा हात माझ्या भेटीनंतर मारलेला होता, म्हणजे रेघ त्या "नाही"नंतरची. बावन्नाव्या थरात दुसरी रेघ, एक्कावन्नाव्यात तिसरी. मनानंच मला वाढवत बसले होते.

"काका, काय झालं?"

"चुना गेला डोळ्यात."

मग त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी रेघेवरून अलगद बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "यावर काच लावू. जरा वरही उघडा, शोभून दिसेल."

वर उघडलं. पन्नासाव्या थरात चौथी रेघ होती.

मॅडमनी थर पुन्हा मोजले. "तिसऱ्या वर्षी गेले म्हणालात ना?"

"तिसऱ्याच."

"मग दुसरा कुणी कैदी असेल."

"असेल," मी म्हणालो.

तेराव्या वर्षी मी एकदम वीतभर वाढलो होतो. त्या थरातली रेघ वीतभर वर. विसाव्या वर्षानंतर रेघा थांबल्या एका उंचीला, थरामागून थर. एकतिसाव्या वर्षी मी परांचीवरून पडलो आणि पाय दोन बोटं आखूड झाला.

त्या वर्षीची रेघ दोन बोटं खाली होती.

मॅडम त्या दिवशी टेप तिथेच टाकून गेल्या.

सगळ्यांत वरच्या थरावरची रेघ खरवडावी लागली नाही. धूळ झटकली आणि दिसली. एकोणसाठावं वर्ष, माझी पाठ वाकायला लागली ते. त्यानंतर तुरुंग बंद. चुन्याचा हात नाही, म्हणून रेघ नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, ही खोली आता बंद करू या."

"त्याआधी समोरच्या कोऱ्या भिंतीला एक हात मारून देतो."

"कशाला?"

 कशाला म्हणजे? एकाहत्तर वर्षांचा झालो होतो. मला माझं या वर्षीचं माप हवं होतं.

तीन दिवस भिजवलेला चुना, नवा कुंचला. दुपारपर्यंत कोपरा न् कोपरा पांढरा केला. कुलूप मॅडमनी लावलं, किल्ली त्यांच्याच पर्समध्ये गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आम्ही दोघांनी मिळून दार उघडलं.

भिंत कोरडी, स्वच्छ होती. मी माझ्या डोक्याच्या उंचीला हात फिरवला.

तिथे काही नव्हतं.

छातीला नव्हतं. कमरेला नव्हतं. म्हटलं, रुसले असतील. माझा "नाही" त्यांनाही एकदा म्हणू दे.

"काका," मॅडम दारातूनच म्हणाल्या. "खाली."

फरशीच्या जरा वर, आडवी रेघ. डावीकडे आकडा. भिंत वाळली होती, रेघ ओली होती.

"कोणी काढली ही? ओळखता का?"

"हो," मी म्हणालो. "माझे बाबा आहेत ते."

यंदाचं माप आडव्या माणसाचं होतं. मी फरशीवर भिंतीला लागून उताणा झोपलो. "थापी धरा."

"नको ना, काका."

"धरा हो."

त्यांनी थापी माझ्या छातीवर आडवी टेकवली.  मान वळवून मी बघितलं.

रेघ थापीच्या एक बोट वर होती.