मागच्या सीटवरची चौथी जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्याकडे पुरावा नाही. पण जिच्या बाबतीत घडलं, ती माझी मावसबहीण, आणि ताई थापा मारणाऱ्यांतली नाही.

आणि हे रात्रीबित्री घडलेलं नाही. सकाळी अकरा वाजता, लख्ख उन्हात, डोंगरांच्याही वर.

ताई नवऱ्याची दुसरी बायको. पहिली आजारपणात गेली, पाच वर्षांची मुलगी मागे ठेवून. लग्नाला दोन वर्षं झाली तरी ताईला त्या घरात आपलं असं काही सापडेना. पडदे पहिलीने निवडलेले. डब्यांवरची अक्षरं पहिलीची. मुलीचं 'पिल्लू' हे नावही तिनेच ठेवलेलं. सासूबाई सहज बोलून जायच्या, "ती असती तर..."

ताई आतल्या आत जळायची. गेलेल्या बाईवर काय जळायचं, म्हणून लाजही वाटायची.

बर्फाच्या डोंगरांत फिरायला गेल्यावर हेलिकॉप्टरच्या फेरीसाठी ती हटून बसली, त्याचं कारणही तेच. नवरा एकदा म्हणाला होता, "तिला फार हौस होती गं. राहूनच गेलं."

हे एक तरी फक्त माझं असेल, असं ताईने ठरवलं.

नवरा पुढे, पायलटशेजारी बसला. मागे उजव्या खिडकीशी सासूबाई, मग ताई, मग पिल्लू. डाव्या खिडकीची चौथी जागा रिकामी होती.

"खिडकीशी सरक ना," ताई म्हणाली.

पिल्लूने मान हलवली. "नको. इथेच बरंय."

हेलिकॉप्टर उठलं. खालची घरं काडेपेटीएवढी झाली, मग दिसेनाशी झाली. कानांवर हेडफोन, त्यात नुसती खरखर.

आणि मग...

श्वास.

कोणीतरी माईकच्या अगदी जवळ श्वास घेत होतं.

ताईने सासूबाईंकडे पाहिलं. त्यांचा माईक वर कपाळापाशी होता. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"ते बघ... बर्फ." बाईचा आवाज. हळू.

"हो, दिसलं," पिल्लू म्हणाली.

"कोणाशी बोलतेस?" ताईने विचारलं.

पिल्लू डावीकडे बघत होती.

तेवढ्यात पायलट म्हणाला, "डाव्या खिडकीशी कोण बसलंय? जरा मधे सरका. भार एकीकडे जातोय."

"तिथे कोणी नाही," नवरा म्हणाला.

पायलटने मान वळवून मागे पाहिलं... आणि पुन्हा समोर बघायला लागला. नंतर उतरेपर्यंत त्याने मागे वळून पाहिलं नाही.

ताई पुढे वाकली.

रिकाम्या सीटचा पट्टा लावलेला होता.

पिल्लूचा हात त्या सीटवर होता, बोटं मिटलेली. कोणाचा तरी हात धरावा तशी.

ताई सांगते, भीती नंतर वाटली. आधी संताप आला.

"इथे तरी नको ना," ती माईकमध्ये पुटपुटली. "एवढं एक माझं राहू दे."

खरखर थांबली.

मग कानाशी, अगदी विनवणीने... "फक्त बघू दे."

पुढच्या सीटवर नवऱ्याची मान एकदम खाली गेली. त्याने काय ऐकलं, ते आजवर सांगितलेलं नाही. उतरल्यावर त्याचे डोळे लाल होते. ऊन लागलं म्हणाला.

पिल्लू उतरून दाराशीच थांबली. थोडा वेळ गेला. मग कोणाकडेही न बघता म्हणाली, "चला."

त्या दिवसापर्यंत ती ताईला मावशी म्हणायची. त्या संध्याकाळपासून आई म्हणते. सासूबाई खूश आहेत.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे राहिले होते. आतल्या खोलीतून पिल्लूने हाक मारली, "आई..."

ताई समोरच कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले, पण तिने ओ दिली नाही.

"अगं, बोलावतेय ती," मी म्हटलं.

"हो," ताई हळूच म्हणाली. "आधी दुसरं कोणी ओ देतंय का, ते ऐकते."

मग आम्ही दोघीही ऐकत बसलो.

पिल्लूने दुसऱ्यांदा हाक मारलीच नाही.