बाजरीखालची चिल्लर

"पोत्यात घालू," कल्याण म्हणाला.

"पोतं फाटतं. मागल्या साली फाटलं, आन् निम्मी चिल्लर खर्ड्याच्या वेशीत सांडली. तुजे आजोबाच रांगत हुते गोळा करायला," धनश्री म्हणाली.

"मग मडक्यात?"

"डोक्यात घाल तुज्या. तितं लई जागा हाय."

कल्याणचा धाकटा भाऊ समर्थ इतका हसला की पायरीवरून घसरलाच. देवीच्या देवळासमोर तरटावर नवरात्रातल्या दानपेटीची चिल्लर पसरली होती. एकाची, दोनाची, पाचाची, दहाची नाणी, त्यांना चिकटलेलं कुंकू आणि मधेच एक शर्टाचं बटण. देवीला बटण वाहणारा भक्त कोण, यावर तिघांची मघाशीच चर्चा झाली होती.

दर वर्षी या पैशातून देवळाला रंग लागायचा. यंदा कल्याणचे आजोबा, म्हणजे देवळाचे पंच सहादेव तात्या, यांनी वेगळंच ठरवलं होतं. ज्यांचे आईबाप ऊस तोडायला गेले आहेत, त्या सगळ्या पोरांना भाऊबीजेला जीपमधून राहुरीकडच्या कारखान्यावर न्यायचं आणि संध्याकाळी परत आणायचं. भाडं देवीचं.

धनश्रीचे आईबाप दसऱ्यानंतर गेले होते. दीड वर्षाचा बाळ्याही त्यांच्याबरोबर. ती चुलतीकडे राहिली. चुलती छबूबाई वाईट नव्हती, पण तिला बोलायचा कंटाळा. भाकरी वाढायची आणि झोपायची. उद्या पहाटे तर उरलेली शेवटची टोळीही तिकडेच जाणार होती आणि तिच्याबरोबर सृष्टी जाणार होती. सृष्टी म्हणजे धनश्रीची बालवाडीपासूनची मैत्रीण. आता वाडीतल्या निम्म्या दारांना कुलपं होती. कुत्री सुद्धा त्या दारांपुढे बसून कंटाळत होती. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि धनश्रीला वाटत होतं, ही सुट्टी लवकर संपावी.

आता तिच्यापुढे एकच दिवस होता, भाऊबीजेचा. त्यासाठी जीप हवी. जीपवाला अजिनाथ मात्र अडून बसला होता. "नोटा द्या. चिल्लर घेऊन काय डिझेलच्या टाकीत वतू?" म्हणून ही सगळी चिल्लर खर्ड्याच्या बँकेत न्यायची होती.

"बँकेतल्या मॅडमनी सांगितलं हुतं की," धनश्री म्हणाली. "एकेक जात येगळी करायची आन् कापडी पिशव्यांत भरून आनायची."

"बँकेनं आमाला शिकवू नये," मागून आवाज आला. सहादेव तात्या धोतराचा सोगा सावरत उभे होते. त्यांच्या हातात तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा होता. "आन् तुमी बी न्हाई. पोरांनी घरी जावा. म्या बगतो कशात न्यायचं ते."

तात्या 'म्या बगतो' म्हणाले की गावात लोक जरा धास्तावतच. पण त्यांना सांगणार कोण?

दुसऱ्या दिवशी सकाळी अजिनाथने डबा जीपमध्ये चढवला. तिघंही पोरं मागच्या बाकावर चढून बसली. तात्यांनी डोळे वटारून पाहिलं, पण जीप तोवर निघाली होती.

"हलकाच हाय की वो," अजिनाथ म्हणाला. "म्या म्हनलं कंबर धरंल."

"युक्ती लागती," तात्या मिशीत हसले.

युक्ती बँकेत उघडी पडली. काउंटरच्या आत बसलेल्या कॅशियर मॅडमनी डब्याचं झाकण काढलं. आत बाजरी.

"तात्या, ही बँक आहे, बाजार समिती नाही," मॅडम म्हणाल्या.

"वरवरची हाय ती," तात्यांनी आवाज खाली आणला. "चोराला कळू ने म्हनून. खाली चिल्लर हाय."

मॅडमनी ओंजळभर बाजरी काढली. मग आणखी ओंजळभर. रांगेतली माणसं माना उंच करून बघायला लागली. शेवटी शिपायाने खाली पेपर अंथरला आणि डबा पालथा केला. बाजरी, बाजरी आणि बाजरी. चिल्लर एक नाही. अगदी शेवटी कापडाची एक छोटी पुरचुंडी टपकन पडली.

तात्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. "पुंजारामानं मारली," ते पुटपुटले. "रातभर त्याच्या गिरनीत ठिवला हुता डबा."

त्यांनी पायानेच ती पुरचुंडी बाजूला लोटली. धनश्रीने वाकून ती उचलली आणि मुठीत धरली. ते कापड ती ओळखत होती.

परतीच्या वाटेवर समर्थ हळूच म्हणाला, "मंजी जीप न्हाई?"

"न्हाई," अजिनाथ म्हणाला.

धनश्रीने बाहेर तोंड केलं. वारं लागून डोळ्यांत पाणी आलं असं दाखवायला जीप बरी असते.

वाडीच्या अलीकडे मुलं उतरली. तात्या पोलीस पाटलाकडे निघाले. कल्याणने धनश्रीच्या मुठीकडे पाहिलं. "काय हाय ते?"

तिने मूठ उघडली. निळ्या चौकटीचं कापड, दोऱ्याने घट्ट बांधलेलं. "उंबऱ्याची माती."

कल्याणच्या घरचं कुणी ऊस तोडायला जात नसे. त्यांचं रान बागायती. त्यामुळे त्याला हे ठाऊक नव्हतं. धनश्रीने सांगितलं. त्यांच्या आळीतल्या बाया तोडणीला निघताना दाण्याच्या पहिल्या डब्यात तळाला घरच्या उंबऱ्याची चिमूटभर माती ठेवतात. माती आपल्या जागी ओढते, माणूस सुखरूप परत येतं. पुरचुंडी बांधायची घरातल्या लेकीने. आईची तिने स्वतः बांधली होती.

"आन् ह्ये कापड सृष्टीच्या शाळंच्या फ्रॉकचं हाय. झाडावरनं उतरताना फाटला तवा म्या तितंच हुते. ह्यो डबा त्यांचा हाय, कल्याण. देवीचा न्हाई."

"मग देवीचा कुटं गेला?" समर्थने विचारलं.

तिघंही गिरणीकडे पळत सुटले.

पुंजाराम गिरणीच्या दारात पट्टा शिवत बसला होता. अजून त्याच्या कानावर काही आलं नव्हतं. धनश्रीने धापा टाकत विचारलं, "मामा, आज पहाटं रंगनाथकाका डबा न्यायला आल्ते का?" रंगनाथ म्हणजे सृष्टीचे वडील.

"व्हय की. त्येच्या लंकाबाईनं काल सांजच्याला दळान आनून ठिवलं, वरची आर्दीच बाजरी दळायची म्हनली, आन् लाइट गेली. पहाटं टेम्पो आला, ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न. गडी अंधारात पळत आला आन् तसाच न दळता डबा उचलून ग्येला. उचलताना म्हनला, औंदा बाजरी लई जड झाली. म्या म्हनलं, ओली आसंल."

"काल सांजच्याला गिरनीत डबे किती हुते?"

"दोन. येक लंकाबाईचा, येक तात्यांचा. तात्या म्हनले, ऱ्हाऊ दे, घाई न्हाई दळायची. येरवी दिवाळीला हितं डब्यांची रांग लागती बग. औंदा दळायला मानूसच ऱ्हायलं न्हाई."

आता सगळं लख्ख झालं. दहा-वीस डब्यांत आपला एक डबा चोराला कसा कळणार, असा तात्यांचा हिशोब. पण गाव रिकामं झालंय, हेच ते विसरले होते. धनश्रीला ते विसरणं शक्य नव्हतं.

एवढ्यात तात्या पोलीस पाटलांना घेऊन आलेच. मागे चार रिकामटेकडे होतेच, आणि अजिनाथही. "ह्योच," तात्या म्हणाले. "म्या बाजरीत झाकून चिल्लर ठिवली हुती हितं."

पुंजारामच्या हातातली सुई थांबली. "मला काय सपान पडलं का वो तुमच्या चिल्लरीचं? मला म्हनला बाजरी."

"आजोबा," कल्याण म्हणाला, "धनश्रीला काय तरी सांगायचंय."

धनश्रीला चारचौघांत बोलायची भारी भीती वाटे. वर्गात सुद्धा उत्तर येत असून ती गप्प बसायची. पण आज गप्प बसली तर भाऊबीज गेली. तिने पुरचुंडी पुढे धरली आणि सगळं सांगून टाकलं, माती, फ्रॉक, टेम्पो, जड बाजरी.

पोलीस पाटलांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तात्या, मंजी चोराला चकवायला ग्येला आन् सोताच चकला."

चार रिकामटेकड्यांना महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. रंगनाथचा फोन लावून पाहिला, तो बंद. तिकडे रानात चार्जिंग कुठून होणार?

"आता त्यो डबा आनायला राहुरीला कोन जानार?" तात्या खालच्या आवाजात म्हणाले.

"आपनच," धनश्री म्हणाली. "जितं जायाचं तितंच भाडं जाऊन बसलंय."

"आपल्या आदी पोचलं की," समर्थ म्हणाला.

सगळ्यांनी अजिनाथकडे पाहिलं. तो म्हणाला, "आन् डबा घावला न्हाई तर?"

"तर माज्या खिशातनं," तात्या म्हणाले. मग पुंजारामकडे न बघताच, "आन् तुला च्या माज्याकडनं."

"बिस्कीट बी लागंल," पुंजाराम म्हणाला आणि पुन्हा पट्टा शिवायला लागला.

भाऊबीजेला जीप अंधारातच निघाली, पायाशी लंकाबाईचा बाजरीचा डबा. पोरं डाळिंबाच्या दाण्यांसारखी आत गच्च बसली होती, पण कल्याणने धनश्रीला खिडकीची जागा दिली. राहुरीच्या अलीकडे ऊस सुरू झाला आणि संपेचना. मग एका माळावर उसाच्या वाळक्या पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, दिसल्या. जीप थांबायच्या आत पोरांनी उड्या टाकल्या.

एका कोपीपुढे तेलाच्या डब्यावर सृष्टी मांडी घालून बसली होती.

"किती येळ लावला," ती म्हणाली. "कालपासनं बसलीय ह्येच्यावर. आईनं भाकरीला बाजरी काढली, तर खाली चिल्लर. माती न्हवती. तवाच म्या आईला म्हनलं, आपला डबा धनीच्या हाती लागंल आन् ती बरुबर यील."

धनश्रीने पुरचुंडी तिच्या हातात ठेवली. दोघींनी मिळून ती लंकाबाईच्या दाण्यात तळाला नीट पुरली.

शेजारच्या कोपीतून धनश्रीची आई आली. उसाच्या पात्यांनी तिचे हात चिरलेले होते, आणि ती ते पदराखाली लपवत होती. बाळ्या तिच्या साडीमागे दडला. तो बहिणीला ओळखेना. धनश्रीला एकदम रडूच आलं. एवढ्या दुरून आले आणि हा विसरला? तिने काही न बोलता ताटात दिवा लावला. दिवा बघून बाळ्या पुढे आला, तिने ओवाळलं तसा तिचा कान धरून हसला आणि ओवाळणी म्हणून स्वतःच्या तोंडातलं उसाचं चिपाड तिच्या ताटात टाकलं.

"चिल्लर नेनार कशात?" तात्यांनी विचारलं. या खेपेला त्यांनी खरंच विचारलं होतं.

"कापडी पिशव्यांत," कल्याण आणि धनश्री एकदमच म्हणाले.

"बरं. बँक म्हनती तसं."

आईने आपली जुनी हिरवी साडी फाडली आणि दाभणाने पिशव्या शिवायला बसली. पुरुष आणि पोरं नाणी निवडायला लागली. धनश्री आईला चिकटून दोरा ओवून देत राहिली. दोघी फार काही बोलल्या नाहीत. 'जेवती का', 'अभ्यास करती का', 'व्हय', एवढंच. पण आईचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागलेला होता आणि एकेक पिशवी झाली की दुपार थोडी सरत होती. शेवटची पिशवी आईने मुद्दाम सावकाश शिवली, असं धनश्रीला वाटलं.

निघताना सृष्टी जीपमागे बरंच अंतर पळत आली.

बँक उघडली तेव्हा काउंटरवर हिरव्या पिशव्या ओळीने उभ्या राहिल्या, एकाची वेगळी, दोनाची वेगळी. कॅशियर मॅडमनी एक उचलून टीप ओढून पाहिली. "किती पक्की शिवलीय. तात्या, ही अक्कल कुणाची?"

रांगेत गावचे लोक होते. तात्या खोकले. "ह्या पोरीची," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "देवीचा डबा बी हिनंच हुडकला, आन् येका भल्या मानसावरचा आळ बी हिनंच काढला. म्या म्हातारा झालो, पन येवढ्याशा चिंधीकडं नीट बघायची अक्कल मला न्हवती. पुढल्या साली देवीची चिल्लर बँकेत हीच नील."

कल्याणने टाळ्या वाजवल्या, मग शिपायानेही. अजिनाथने नोटा खिशात घातल्या आणि मॅडमनी रिकाम्या पिशव्या घडी करून परत दिल्या.

"ह्या देवळात ठिवू," तात्या म्हणाले. "दर साली कामाला येतील."

"त्यातली येक मला ऱ्हाऊ द्या," धनश्री म्हणाली.

"तुला कशाला? तुज्याकडं कुटं चिल्लर हाय?"

धनश्रीने एका पिशवीच्या टिपेवरून बोट फिरवलं. तात्यांनी तिच्याकडे पाहिलं, हिरव्या कापडाकडे पाहिलं आणि सगळ्यांत मोठी पिशवी तिच्या हातात दिली.

त्या संध्याकाळी चुलतीने भाकरी वाढली आणि ती झोपली. आळीत कुलपं होती तशीच होती. धनश्रीने पिशवीत आपले जुने कपडे भरून तोंड बांधलं आणि तिची उशी केली. कापडाला अजून पाचटाचा आणि आईचा वास होता. तो किती दिवस टिकेल कोण जाणे, म्हणून ती पालथी झोपली, नाक त्यात खुपसून.